नायकुंडची लोहभट्टी

विहीर खणताना काळी, जड, सच्छिद्र ढेकळे निघाली की ती सहसा भरावात जातात. तत्पूर्वी ग्रामपंचायतींनी पुरातत्त्व विभागास कळविणे इष्ट. तो प्राचीन भट्टीतील लोखंडाचा मळ असू शकतो. पेंच नदीकाठच्या नायकुंड (जि. नागपूर) येथे १९७८-८० मधील उत्खननात असा मळ, मातीच्या नळ्या आणि सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची, बाकदार विटांची भट्टी मिळाली. व्यास अवघा ३० सेंटिमीटर! अशा भट्टीत लोहखनिज व लोणारी कोळसा घालून नळीवाटे भात्याचा वारा देत. लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढी उष्णता येथे नसे. मात्र कोळशापासून निघालेल्या वायूमुळे खनिजातील प्राणवायू निघून जाई, मळ वितळून वाहे व लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरे. तो पुन्हा तापवून, ठोकून आतला मळ काढीत. मगच त्याची कुऱ्हाड घडे.