‘ओन्ली’ म्हणजे काय?

वाचकहो, बँकेचा चेक पाहा, किंवा इंग्रजी पावती पाहा. अक्षरांत लिहिलेल्या रकमेच्या शेवटी एक शब्द असतो. तो शब्द ‘ओन्ली’. ‘रुपीज फिफ्टी ओन्ली’ असे लिहितात. मराठीत आपण लिहितो, ‘अक्षरी रुपये पन्नास मात्र’. दोन्हींचा अर्थ एकच.

ओन्ली म्हणजे फक्त. पण इथे ‘फक्त’ म्हणजे ‘थोडके’ असे समजू नका. रक्कम पन्नास रुपये असो की पन्नास हजार, पुढे ओन्ली लिहायचेच. ‘रक्कम इथे संपली, पुढे काही नाही,’ एवढेच तो शब्द सांगतो. शेताला जसे कुंपण, तसा रकमेला हा शब्द.

कुंपण नसले तर काय होते? समजा, एकाने दुकानदाराला देण्याची चिठ्ठी लिहून दिली. ‘रु. ५०, अक्षरी रुपये पन्नास.’ पुढे जागा मोकळी. खाली सही. आता कोणी त्या जागेत ‘हजार’ शब्द घातला आणि ५० पुढे तीन शून्ये काढली, तर पन्नासाचे पन्नास हजार झाले! असा बदललेला कागद कायद्याला मान्य नाही, हे खरे. पण बदल नंतर केला हे शाबीत कोण करणार? त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्यापेक्षा एक शब्द लिहिणे सोपे, नाही का?

जागा मागे सुटली तरी धोका असतोच. ‘पन्नास’च्या आधी ‘दोनशे’ बसते, आणि ५० च्या आधी २ बसतो. म्हणून ‘रुपये’ या शब्दाला लागूनच रक्कम लिहावी.

आकड्यापुढे ५०/- अशी खूण करतात. तीही कुंपणच आहे. इंग्लंडात १९७१ पर्यंत शिलिंग आणि पेनी असा हिशेब होता. तिथे ५/- म्हणजे पाच शिलिंग पुरे, वर पेनी नाही.

आकडा एक आणि अक्षरे दुसरीच, असे झाले तर? चेक आणि वचनचिठ्ठी यांचा कायदा १८८१ सालचा आहे. तो म्हणतो, अक्षरांतली रक्कम खरी धरावी. तरी बँक असा चेक बहुधा परत करते. म्हणून दोन्ही ठिकाणी सारखेच लिहा.

बाजारात तोंडाने भाव सांगताना ओन्ली म्हणायला नको. हा शब्द कागदासाठी आहे.

मंडळी, अंगठा उठवणाऱ्याला दुसऱ्याने वाचून दाखवले तेच खरे मानावे लागते. आता आपल्याला अक्षर आले आहे. तेव्हा आधी रक्कम वाचा, शेवटी ‘मात्र’ किंवा ‘ओन्ली’ आहे का पाहा, आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका, मग मागणारा घरचा का असेना.

अभ्यास : पुढील रकमा अक्षरांत लिहा. शेवटी ‘मात्र’ विसरू नका.
७५/-   ३२०/-   १,५००/-