मानसिक आरोग्यसेवेतील पर्यवेक्षण : बुऱ्हाणपूरच्या संदर्भात

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरातील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आढळतो. फारुकी राजवटीत, १६व्या शतकाच्या अखेरीस उभारलेली ही वास्तू या नगरीच्या बहुरंगी परंपरेची साक्ष देते. २००३ साली स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आजही मराठी, निमाडी, उर्दू, कोरकू अशा अनेक भाषा नांदतात. मनोरुग्णांची सेवा करणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे.

रुग्ण आपली व्यथा आपल्या बोलीत सांगतो. 'जीव घाबरतो', 'डोके जड झाले', 'बाहेरचे झाले' हे त्याचे शब्द असतात. नवख्या समुपदेशकाने ते अंधश्रद्धा म्हणून झिडकारले, तर रुग्ण पुन्हा फिरकत नाही. उलट, ते सरसकट भ्रमाचे लक्षण मानले, तर निदानच चुकते. हे टाळण्यासाठी नियमित पर्यवेक्षण आवश्यक ठरते. पर्यवेक्षण म्हणजे कामाची झडती नव्हे. अनुभवी तज्ज्ञाने ठरावीक वेळी कनिष्ठ सहकाऱ्यासोबत प्रत्येक रुग्णाचा केलेला साकल्याने विचार होय.

अशा बैठकीत पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. रुग्ण व कुटुंबीय आजाराला काय नाव देतात, त्याचे कारण काय मानतात?

२. संभाषण कोणत्या भाषेत झाले? दुभाषी कोण होता? सासूच दुभाषी असेल, तर सून मोकळेपणाने बोलेल काय?

३. भगत, भूमका किंवा दर्गा येथे घेतलेल्या उपायांची चौकशी उपहास न करता झाली काय?

४. रुग्णाची जात, धर्म वा वस्ती यांविषयी समुपदेशकाच्या मनात पूर्वग्रह आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. वडीलधाऱ्यांपुढे शंका किंवा चूक न बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरुशिष्य नात्याचा मानसोपचाराच्या दृष्टीने विचार मांडला होता. त्या नात्यातील विश्वास पर्यवेक्षणातही उपयोगी पडतो. परंतु धाक शिरल्यास अडचणी दडविल्या जातात व त्याची झळ रुग्णाला पोचते. म्हणून ज्येष्ठांनी शंकेला स्वतःहून वाव द्यावा.

श्रद्धेचा आदर म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. रुग्ण असा बांधलेला आढळल्यास समुपदेशकाने ते पर्यवेक्षकाला तत्काळ कळविणे अगत्याचे आहे.

या दोहोंचा मेळ घालता येतो. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमाद्वारे प्रार्थनेबरोबरच औषधोपचाराचीही सोय करण्यात आली. रुग्णाची श्रद्धा न दुखविता त्याला उपचारापर्यंत आणणे व तेथे टिकविणे, हेच उत्तम पर्यवेक्षणाचे फलित होय.