हरिद्रा आणि यकृत

कुरुंदा व सभोवतालचा वसमत तालुका हा हळदीचा प्रदेश होय. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाने येथील पिकास भौगोलिक मानांकन लाभले. देवीच्या चरणी वाहिली जाणारी हीच हरिद्रा आयुर्वेदाने व्रण, त्वचाविकार व प्रमेह यांवर औषधी मानली आहे.

हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य शेकडा २ ते ५ भाग असते व आतड्यांतून ते अत्यल्प शोषले जाते. म्हणून स्वयंपाकातील चिमूटभर हळद सहसा बाधत नाही. ‘यकृतशुद्धी’साठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांत कर्क्युमिनचा तीव्र अर्क असतो. पुष्कळदा मिऱ्यातील पायपरीन मिसळून त्याचे शोषण अनेक पटींनी वाढविलेले असते.

अशा गोळ्यांमुळे यकृतास सूज आल्याच्या घटना २०१९ मध्ये इटलीत नोंदल्या गेल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे १० रुग्ण आढळले. त्यांपैकी एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक घटक होता. अर्थात एकास सोसलेले औषध दुसऱ्यास सोसेलच असे नाही.

भाविकांनी अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसताच गोळ्या थांबवून त्वरित डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. आहारातील हळद प्रमाणात सेवन करावी. प्रमाणातच तिचे औषधपण आहे.