०२० मधलं शून्य कुठे गेलं?

प्रश्न : एक्सेलमध्ये पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड नुसता २० होतो. फॉरमॅट लावून शून्य आणलं, तरी & ने मजकुरात जोडताच ते पुन्हा गळतं. उपाय काय?

उत्तर : फॉरमॅट फक्त पेहराव बदलतो; सेलमधली संख्या २०च राहते आणि & तीच उचलतो. तिथे टेक्स्ट फंक्शनला "000" हा नमुना द्यावा.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर कस्टम नमुना असा :

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

१२३४५६७ ही संख्या मग १२,३४,५६७ अशी दिसते. ऋण रकमांना मात्र तो लागू पडत नाही.

व्हीबीए मॅक्रोत सेलचा 'व्हॅल्यू' हा गुणधर्म मूळ संख्या देतो, 'टेक्स्ट' हा गुणधर्म पडद्यावर दिसेल ते. कॉलम अरुंद असला, तर 'टेक्स्ट'च्या हाती नुसतं #### लागतं! पावत्या छापणाऱ्यांनी म्हणूनच मॅक्रोत फॉरमॅट फंक्शन वापरावं.