क्रिकेटपटू धर्मोपदेशक : सी. टी. स्टड



आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे शिकेल तो नवाब होईल आणि खेळेल तो वाया जाईल, अशा अर्थाची म्हण घरोघर ऐकायला मिळे. आपल्या कोळार भागातील पालकही आमच्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. म्हणून या अंकात एका खेळाडूची माहिती देत आहोत.

चार्ल्स टॉमस स्टड यांचा जन्म २ डिसेंबर १८६० रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडिलांनी बिहारमधील तिरहुत भागात निळीच्या मळ्यांतून अमाप पैसा मिळवला होता. (त्या निळीपायी तिथल्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले, ते इतिहासाच्या तासाला आपण चंपारणच्या धड्यात वाचतो.) केंब्रिज विद्यापीठात शिकत असताना स्टड यांनी १८८२ च्या मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतके काढली. त्याच वर्षी ओव्हलच्या कसोटीत इंग्लंडला विजयासाठी ८५ धावा हव्या होत्या. संघ ७७ धावांत आटोपला. दहाव्या क्रमांकावर आलेले स्टड एकही चेंडू न खेळता शून्यावर नाबाद राहिले! 'अ‍ॅशेस'ची गोष्ट या पराभवातूनच सुरू झाली.

पुढे भाऊ जॉर्ज अतिशय आजारी पडला. त्याच्या उशाशी बसून या कीर्तीचा उपयोग काय, असा प्रश्न स्टड यांना पडला. १८८५ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, ते धर्मप्रसारक म्हणून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, तिथला पोशाख घातला, अफूच्या व्यसनात बुडालेल्यांसाठी आश्रयगृह चालवले. वारशाने आलेले सुमारे २९ हजार पौंड त्यांनी वाटून टाकले. त्यातला काही भाग भारतातील कामासाठी आला. १९०० ते १९०६ या काळात ते उटकमंड येथील चर्चचे पाळक होते. नंतर ते आफ्रिकेत काँगोला गेले आणि १९३१ मध्ये तिथेच वारले. आजारी पत्नी इंग्लंडमध्ये एकटी राहिली. त्यांचा त्याग मोठा खरा, पण घरच्यांवर त्याचा भार फार पडला, असे आम्हांस वाटते.

स्टड यांनी हातचे मैदान सोडले, त्यानंतर काही वर्षांनी आपल्याकडे पळवणकर बाळू मैदानावर पाय ठेवायला धडपडत होते. त्यांचा जन्म १८७६ चा, आपल्याच कर्नाटकातील धारवाडचा. पुण्यात ते गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. पुढे हिंदू संघात घेतले, पण चर्मकार समाजातले म्हणून चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद त्यांना कायमचे असे कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.