बदलती मार्गदर्शक तत्त्वे आणि प्रशिक्षकाची परीक्षा

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले, हे आपल्या वसतिगृहातील लहान मुलालाही ठाऊक असते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहाव्या क्रमांकावर राहिले होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. लाल मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावे लागले. बळ तेच होते, नियम निराळे होते. फिटनेस प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडे पाहताना आम्हांला हेलसिंकीच्या आधी लंडन आठवते.

आपली अनेक मुलेमुली आज सातारा, कराड, सांगली, मिरज येथील व्यायामशाळांत काम करीत आहेत. त्यांपैकी काहींची सुरुवात गावच्या तालमीत झाली. तालमीत वस्तादांचा शब्द प्रमाण असतो, आणि तो वर्षानुवर्षे बदलत नाही. परीक्षेतील ज्ञानाला मात्र आवृत्तीचा क्रमांक असतो. मूळ ग्रंथ इंग्रजीत आणि महाग. म्हणून मराठी टिपणांच्या झेरॉक्स प्रती एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि कितव्यांदा तरी प्रत काढताना पहिले पान, त्यावरील वर्षासह, गळून पडते. आमच्या एका विद्यार्थिनीने अशाच टिपणांवरून वर्षभर अभ्यास केला, एकही पान सोडले नाही, आणि थोडक्या गुणांनी अनुत्तीर्ण झाली. पगारातून साठवलेले परीक्षा शुल्क गेले. तिच्या कष्टांत उणेपणा नव्हता. तिची टिपणे जुनी होती.

या क्षेत्रात सर्वाधिक आधार घेतला जातो तो अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शक ग्रंथाचा. त्याची पहिली आवृत्ती १९७५ ची, अकरावी २०२१ ची, बारावी २०२५ ची. नवी आवृत्ती निघाली म्हणजे त्याच दिवशी प्रश्नपत्रिका बदलते असे नाही. मध्ये काही काळ जातो. तेव्हा पहिले काम हे की, आपण ज्या तारखेला परीक्षेला बसणार त्या तारखेला प्रश्न कोणत्या आवृत्तीवर आधारलेले असतील, हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रम-आराखड्यातून स्वतः पाहून घ्यावे. आपल्या देशातील कौशल्य-पात्रतांच्या दस्तऐवजांवरही आवृत्ती आणि पुढील पुनर्विलोकनाची तारीख छापलेली असते. बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात. तयारी पूर्णत्वास आली असेल तर बदलापूर्वीच परीक्षा द्यावी. नुकतीच सुरुवात असेल तर सरळ नवी आवृत्ती हाती घ्यावी. दोन्ही आवृत्त्या एकदम पाठ करू पाहणारा दोन्हींची सरमिसळ करतो, असा आमचा अनुभव आहे.

आता त्या विद्यार्थिनीला जेथे फटका बसला तो भाग पाहू. व्यायामापूर्वी कोणाला डॉक्टरांकडे पाठवावे, हे ठरविण्यासाठी पूर्वी धोक्याचे घटक मोजीत असत. पुरुषाचे वय ४५ किंवा अधिक, स्त्रीचे ५५ किंवा अधिक, धूम्रपान, रक्तदाब, कुटुंबातील हृदयविकार अशी बेरीज करून कमी, मध्यम, जास्त असे गट पाडले जात. २०१५ साली ही रीत बदलली. आता मुख्यतः तीन गोष्टी विचारतात: गेले तीन महिने नियमित व्यायाम चालू आहे काय, हृदयाचा, चयापचयाचा किंवा मूत्रपिंडाचा ज्ञात विकार अथवा त्याची लक्षणे आहेत काय, आणि किती तीव्रतेचा व्यायाम करावयाचा आहे.

हा बदल का झाला, हे समजले की पाठांतराचा भार हलका होतो. जुन्या रीतीने असंख्य निरोगी माणसे विनाकारण डॉक्टरांच्या दारी जात, आणि त्या अडथळ्यापायी कित्येक जण व्यायामच सोडून देत. खरा धोका अधिक असतो तो एरवी बैठे जीवन जगणाऱ्याने एकाएकी जोराचा व्यायाम करण्यात. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा पन्नाशीचा, लक्षणे व विकार नसलेला गृहस्थ जुन्या बेरजेत सहज अडकला असता. नव्या रीतीत त्याला अडविण्याचे कारण नाही. उलट, दिवसभर गादीवर बसणाऱ्या पस्तिशीच्या व्यापाऱ्याला जिना चढताना छातीत दुखत असेल, तर वय कमी असूनही व्यायामाआधी वैद्यकीय संमती हवी. धोक्याच्या घटकांचा तक्ता नव्या ग्रंथातही आहेच, फक्त त्याचा उपयोग बदलला आहे. परीक्षार्थी फसतात ते नेमके येथे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये हालचाल सलग किमान दहा मिनिटे असावी असे म्हटले होते. २०२० मध्ये ती अट काढली आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. एसटी गाठण्यासाठी पाच मिनिटे झपाझप चालणाऱ्या आपल्या मातांची ती पाच मिनिटेही आता हिशेबात येतात.

रक्तदाबाचे प्रकरण थोडे अवघड आहे. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. युरोपच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये १४०/९० च कायम ठेवली. म्हणजे 'नवे' हेही कोणाचे, हा प्रश्न उरतोच. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, उत्तरपत्रिकेत नेमलेल्या ग्रंथाचा आकडा लिहावा. व्यायामशाळेत मात्र समोरच्या माणसाच्या डॉक्टरांचा सल्ला पाळावा. यात अप्रामाणिकपणा नाही.

कालाम सुत्तात तथागतांनी केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नये, असे सांगितले. आपली मुले ते सुत्त वंदनेनंतर ऐकतात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला ते आठवावे, अशी आमची अपेक्षा आहे. त्यासाठी अभ्यासवहीत तीन रकाने आखून घेतले आहेत: पूर्वी काय होते, आता काय आहे, का बदलले. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शिक्षक वही तपासत नाहीत.

ग्रंथालयातील व्यायामविषयक प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर आवृत्ती आणि वर्ष लाल शाईने लिहिण्याचे काम नववीच्या मुलांनी हाती घेतले आहे. ज्यांचे वर्ष सापडत नाही, अशा प्रतींसाठी खिडकीजवळ वेगळा कप्पा केला आहे. तो निम्मा भरला आहे.