खुंट्या पिळत गप्पा कशासाठी?

प्रश्न : बोटांनी गिटार छेडणाऱ्यांचे कार्यक्रम मी मोबाइलवर पाहतो. माणूस एकटाच, पण खर्ज, ठेका आणि चाल तिन्ही ऐकू येतात. मागे रेकॉर्ड लावलेली असते का? शिवाय दर गाण्यानंतर हे लोक खुंट्या पिळत गप्पा मारत बसतात. गिटार घरूनच लावून आणता येत नाही का?
– एक वाचक, सरावली (ता. डहाणू)

उत्तर : रेकॉर्ड बहुधा नसते. अंगठा जाड तारांवर खर्ज धरतो, पुढची तीन बोटे बारीक तारांवर चाल काढतात आणि तळहाताची थाप लाकडावर पडली की ठेका. तुमच्याकडच्या तारप्यातही एकाच दमावर एक नळी सूर धरून ठेवते आणि दुसरीवर बोटे फिरतात. ऑस्ट्रेलियाचा टॉमी इमॅन्युएल मंचावर हे भाग आधी सुटे करून दाखवतो, मग एकत्र वाजवतो. ते पाहिले की शंका फिटते.

आता खुंट्या. गिटार उतरली म्हणून वादक ती लावतो, असा समज आहे. खरे तर तो ती मुद्दाम उतरवतो. नेहमीच्या जुळणीत खर्ज चालू ठेवायला डाव्या हाताची बोटे बरीचशी अडकून पडतात. मोकळी तारच हवा तो सूर देऊ लागली, तर ती सुटतात. ब्रिटनच्या डेव्ही ग्रॅहमने 1960 च्या दशकात रुळवलेली जुळणी पाहा : पहिली, दुसरी आणि सहावी तार पेटीच्या दोन पट्ट्यांइतकी खाली. मग जाड तारेकडून मोकळ्या तारा छेडल्या, की सा प सा म प सा! त्यात गंधारच नाही. तो शुद्ध घ्यायचा की कोमल, हे वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. अमेरिकेच्या मायकेल हेजेसने 1984 च्या ‘एरियल बाउंडरीज’ या अल्बममध्ये तर सुटलेल्या डाव्या हातालाही तारांवर ठोके मारायला लावले.

पुढची रचना वेगळ्या जुळणीची असली, की पुन्हा खुंट्या. एका तारेचा ताण बदलला की गिटारीची मान किंचित हलते आणि शेजारच्या तारा बिघडतात. सैल केलेली तारही लगेच ठरत नाही. म्हणून दोनदा तपासावे लागते, आणि तेवढ्या वेळात ही चाल कुठे सुचली ते सांगून होते. तंबोरा जुळेपर्यंत मुकाट बसणारे आपण, गिटारवाल्याच्या मागे मात्र घाई!

घरून लावून आणायची, तर दर जुळणीला वेगळी गिटार हवी. काही जण दोन-तीन आणतातही. पण विमानाने हिंडणाऱ्याला ते ओझे परवडत नाही.